झोपलेल्या कानाचं उत्तर

दीड वर्षाचं, जन्मतः ऐकू न येणारं मूल ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलावर गाढ झोपलंय. सर्जनने कानामागचं हाड ड्रिलने कोरलं. चेहऱ्याची नस आणि चवीची बारीक नस यांच्यामधल्या दोन-चार मिलिमीटरच्या वाटेने इलेक्ट्रोडची तार आतल्या कानाच्या शंखात सरकवली. कॉक्लियर इम्प्लांट बसलं. आता टाके घालायचे आणि सुटायचं, असं आपल्याला वाटेल. पण खरी गंमत इथून पुढे आहे.

बाजूला लॅपटॉप घेऊन ऑडिऑलॉजिस्ट बसलेली असते. "सर, देतेय," ती म्हणते आणि एका इलेक्ट्रोडमधून इवलासा करंट सोडते. सर्जनची नजर मायक्रोस्कोपमध्ये. "काही नाही. वाढवा, मॅडम." पुन्हा करंट. पुन्हा काही नाही. मग एकदम: "हललं!"

हललेलं असतं ते स्टेपीडियस स्नायूचं टोक. हाडांना जोडलेल्या स्नायूंमधला हा सगळ्यात छोटा, लांबी जेमतेम सहा मिलिमीटर. मोठा आवाज आला की तो कानातलं रिकिबीच्या आकाराचं हाड आवळून धरतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. आता तो हलला, म्हणजे करंट ऐकण्याच्या नसेतून थेट मेंदूच्या देठापर्यंत पोचला आणि तिथला हुकूम चेहऱ्याच्या नसेतून परत आला. मूल बेशुद्ध आहे, आयुष्यात त्याने आवाज कधी ऐकलेला नाही, आणि तरी प्रश्नाला उत्तर मिळालं! (याला ऐकणं म्हणायचं नाही. ते शिकायला अजून अवकाश आहे.)

या खेळात तिसरा भिडू भूलतज्ज्ञ. स्नायू सैल करणारं औषध अंगात असेल किंवा भुलीचा वायू जास्त झाला, तर नस शाबूत असूनही स्नायू ढिम्म राहतो. म्हणून चाचणीआधी भुलीचं प्रमाण सांभाळावं लागतं.

एवढा खटाटोप कशासाठी? १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी रॉड सॉन्डर्स यांना अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट बसवलं. सॉन्डर्स यांचं ऐकणं अपघातात गेलं होतं. आवाज कसा येतोय, हे ते शब्दांत सांगू शकत होते. पण दीड वर्षाचं मूल "जरा कमी करा" म्हणत नाही, दचकून रडतं. किती करंट त्याला सोसवेल, याचा अंदाज स्नायूच्या त्या हालचालीवरून बांधता येतो.

ऑपरेशन झालं तरी मूल बहुधा ऐकू न येताच घरी जातं. काही आठवड्यांनी बाहेरचा प्रोसेसर लावून यंत्र सुरू करतात. मग एकेका इलेक्ट्रोडचं मॅपिंग, म्हणजे करंट किती द्यायचा ते ठरवणं, आणि स्पीच थेरपी. सर्जनचं काम काही तासांचं, ऑडिऑलॉजिस्टचं आणि थेरपिस्टचं वर्षानुवर्षांचं. नाव मात्र सर्जनचंच होतं, हा मला अन्याय वाटतो.

आणि हे सगळं वेळेत व्हायला हवं. पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचारांना सुरुवात, असा जगभरचा दंडक आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून याच क्षेत्रात काम करते आहे. घरात नुकतंच बाळ आलं असेल, तर डिस्चार्जच्या कागदांत श्रवणचाचणीचा निकाल आहे का, ते बघा. नसेल तर चाचणी मागून करून घ्या.