सहाशेचं गिऱ्हाईक

सकाळी ८.२०. डोंबिवलीहून भरून आलेली जलद लोकल घाटकोपर सोडते आणि दारात लटकलेल्यांच्या डोक्यावरून एक विमान चाकं बाहेर काढून उतरायला निघालेलं दिसतं. रोजचंच असल्यामुळे कोणी मान वर करत नाही. मी करतो. आमच्या पोटापाण्यात त्या विमानांचाही थोडा वाटा आहे.

बोरा बाजारात जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. दुकान शेठचं, मी काउंटरवरचा. बावीस वर्षं झाली.

९.५०. आधी उदबत्ती, मग ड्राय कॅबिनेटचा आकडा. ४५ टक्के आर्द्रता, ठीक. मुंबईचा एक पावसाळा लेन्स बॅगेत बंद राहिली की आत फंगसचं जाळं धरतं. दुकानात आलेल्या प्रत्येक लेन्समधून मी आधी टॉर्च मारतो, बाकी गप्पा नंतर. पुढच्या काचेवर एखादा ओरखडा असला तर फोटोत सहसा दिसतही नाही, पण गिऱ्हाईक नेमकं त्यालाच घाबरतं. मागच्या काचेवरचा डाग मात्र मी सोडत नाही.

१०.४०. अजून भवानी व्हायचीय, त्यात तक्रार. एक गृहस्थ दुसरीकडून निकॉनची जुनी ८०-४०० घेऊन आलेत. २०००च्या सुमाराची, डी मालिकेतली. 'स्वस्तात मिळाली, पण फोकसच होत नाही हो.' लेन्स ठणठणीत आहे. तिला स्वतःची मोटर नाही, फोकस फिरवायला बॉडीतली मोटर लागते, आणि यांच्या डी५६००मध्ये ती नाही. हाताने फोकस करायचा म्हटलं तर विमान थांबतंय कुठे! लेन्स विकणाऱ्याने एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं.

११.३०. सहाशेचं गिऱ्हाईक येतं. घाटकोपरचा मुलगा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असावा. कॅनन २००डी, ५५-२५० लेन्स, खिशात ४५,०००.

'काका, सहाशे एमएम पाहिजे. स्वस्तातली.'

'घाटकोपरला राहून? तुझ्या गच्चीवरून तर विमानाचे रिव्हेट मोजता येतील.'

'ती झाली काढून. मला वरची पाहिजेत.'

वरची म्हणजे मुंबईत न उतरणारी. आखातातून सिंगापूर-बँकॉककडे जाणारी, पस्तीस हजार फुटांवरची. फ्लाइटरडार उघडून तो मला ठिपके दाखवतो. मी बिलबुक उलटं करतो आणि आकडेमोड मांडतो, कारण या गिऱ्हाइकांना तोंडी सांगितलेलं पटत नाही.

एअरबस ए३२०ची लांबी साडेसदतीस मीटर. अकरा किलोमीटरवरून २५०च्या लेन्सने सेन्सरवर ती एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. याच्या कॅमेऱ्याच्या ६००० पिक्सेलच्या रुंदीत विमानाला मिळतात जेमतेम २३०. चारशेने होतात सुमारे ३७०, सहाशेने ५५०.

'म्हणजे सहाशेच,' तो म्हणतो.

'थांब. हे विमान बरोबर डोक्यावर असतानाचं. क्षितिजापासून तीस अंशांवर असताना अंतर दुप्पट होतं, बावीस किलोमीटर. तिथे तुझी सहाशे तीनशेसारखी वागते, आणि मधली हवाही दुप्पट. तेव्हा घाई करायची नाही, डोक्यावर येऊ द्यायचं. फुकटात मिळणारी फोकल लेंथ तेवढी एकच.'

दोन लेन्स काढून ठेवतो. एक टॅमरॉन १५०-६००, पहिल्या पिढीतली, वजन दोन किलोला पन्नास ग्रॅम कमी. २०१३च्या अखेरीस ही जाहीर झाली आणि सहाशे एमएम पहिल्यांदाच साध्या नोकरदाराच्या आवाक्यात आली. दुसरी कॅननची ४०० एफ ५.६, १९९३ची जुनी बाई. झूम नाही, स्टॅबिलायझर नाही, सव्वा किलो. मुलगा तिच्याकडे बघतही नाही.

तो बघेल अशी माझी इच्छा आहे, पण शेठचा डोळा टॅमरॉनवर आहे. ती सात महिने पडून आहे.

१२.४५. इमारतीच्या गच्चीवर. सीएसएमटीच्या घुमटावर प्रगतीचा पुतळा उभा आहे, उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी चाक. आम्ही लेन्स पारखतो त्या चाकाच्या आऱ्यांवर. पण भर दुपारी मधले पत्रे तापलेले, आरे पाण्यात बघितल्यासारखे थरथरतात. दोन्ही लेन्स सारख्याच नापास. मुलाचा चेहरा पडतो. ही हवा आहे, लेन्स नाही, दोन लाखांची लावलीस तरी हेच दिसेल, असं सांगून त्याला जेवायला पिटाळतो.

१.३०. डबा. मेथी, भाकरी. घास तोंडात असताना फोन येतो: लोहगावला सुखोईचे फोटो काढायला कुठली लेन्स नेऊ? तो हवाई दलाचा तळ आहे, तिथे बाहेर कॅमेरा काढूच नका, म्हणून सांगतो. जानेवारी २०२४मध्ये मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या कसरती झाल्या, तेव्हा आदल्या आठवड्यात आमच्याकडच्या सगळ्या लांब लेन्स भाड्याने गेल्या होत्या. तसं काही पुन्हा ठरलं तर या, म्हटलं.

३.००. एकाला पाचशेची मिरर लेन्स हवी, हाताच्या पंजाएवढी असते म्हणून. एफ ८, फोकस हाताने. विकली, पण चंद्रासाठी.

४.१०. मुलगा परत. ऊन कललंय, पुन्हा गच्ची. आधी टॅमरॉन, सहाशेवर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. चाक फ्रेमच्या मध्ये, मग डावीकडे, मग उजवीकडे. मधले आरे मऊ, एफ ८ला सावरतात. उजवीकडे ठीक. डावीकडे मात्र आरे एकमेकांत मिसळलेले, एफ ८लासुद्धा. कुठली तरी काच सरकलीय, कधीतरी पडली असणार. सात महिने ही लेन्स माझ्या हाताखाली आहे आणि मी फक्त टॉर्च मारत बसलो.

मग चारशे. उघड्या अ‍ॅपर्चरला तिन्ही ठिकाणी आरे सुटे सुटे.

'पण स्टॅबिलायझर नाही, काका.'

'उन्हात एक हजारांश, सोळाशेअंश सेकंदाने काढणार ना? मग हात कितीसा हलतो? आणि सरळ वर धरायची आहे. दोन किलो दहा मिनिटं डोक्यावर धरून बघ.'

तो खरंच धरून बघतो. चौथ्या मिनिटाला खाली. दुसरी चांगली टॅमरॉन मिळेपर्यंत थांब, असंही मी सुचवतो. त्याला थांबायचं नाहीये. जाता जाता एक विचारून घेतो, एटीआर विमानाचा पंखा फोटोत थिजलेला का येतो? तो मिनिटाला सुमारे १२०० फिरतो, पाती सहा. हजारांशात पातं जेमतेम सात अंश सरकतं. सव्वाशेअंशावर ये, मग गोल दिसेल. ते तुझ्या जुन्या २५०नेच काढ.

४.५५. शेठने ४८,००० सांगितले, ४६,०००ला सोडली. वरचे हजार मुलाने जीपेवर कुणाकडून तरी मागवले. बिलावर सीरियल नंबर लिहिला. टॅमरॉनच्या डब्यावर मी चिठ्ठी चिकटवली: 'डावी बाजू मऊ'. शेठने वाचली आणि चष्मा पुसायला घेतला.

७.४०. शटर खाली.

९.०५. दिवा स्टेशन गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो. पहिला पाण्याच्या टाकीवरच्या कबुतराचा. दुसऱ्यात उतरणाऱ्या विमानाचं नुसतं पोट, नाक आणि शेपूट दोन्ही फ्रेमबाहेर. तिसऱ्यात निळ्या आभाळात बोटाच्या पेराएवढं पांढरं काहीतरी. खाली लिहिलंय, 'काका, मोठं करून बघा. इंजिनं मोजता येतात का?'

गर्दीत कोपर सोडवून दोन बोटांनी मोठं केलं. चार होती.