रिकाम्या पिंपातले सूर

सुनील गावसकरांनी १९७१ मध्ये कसोटी पदार्पण केले ते पोर्ट ऑफ स्पेन शहरात. त्रिनिदाद व टोबॅगोची ही राजधानी स्पॅनिशांकडून १७९७ मध्ये ब्रिटिशांच्या हाती गेली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज तिथल्या कार्निव्हलमध्ये ढोल वाजवीत. १८८० च्या दशकात सरकारने ढोलांवर बंधने घातली. मग लोकांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे पत्र्याचे डबे आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेलाची रिकामी पिंपे ठोकून त्यांतून सूर काढले. हेच ‘स्टीलपॅन’. तेल व नैसर्गिक वायूवर जगणाऱ्या या देशाने १९९२ मध्ये त्याला राष्ट्रीय वाद्याचा मान दिला. गरीब वस्त्यांची ही कमाई आम्हाला तेलाइतकीच मोलाची वाटते.