लॅपटॉपमधल्या चिपकडून रँडम आकडे कसे मागायचे? आणि भिशीची चिठ्ठी तरीही डब्यातूनच का काढायची?

समजा, साताऱ्यात राजवाड्याजवळ किंवा सांगलीत विश्रामबागला १२ जणांची भिशी आहे. पहिल्या महिन्याला १२ चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, डबा हलवायचा आणि कुणाच्या तरी लहान पोराला एक उचलायला सांगायची, ही नेहमीची पद्धत. यंदा ग्रुपमधला एक जण म्हणतो, "चिठ्ठ्या कशाला? मोबाइलमध्ये ॲप आहे, बटण दाबलं की नाव येतं." त्यावर दुसरा लगेच म्हणतो, "आणि तुझंच नाव आलं तर?"

सगळे हसतात, पण प्रश्न बरोबर आहे. ॲप नाव काढतं म्हणजे नक्की काय करतं? त्याच्या आत डबा कुठे असतो आणि तो हलवतं कोण? हाच प्रश्न तुमच्या पासवर्डला, व्हॉट्सॲपच्या एन्क्रिप्शनला आणि बँकेच्या ॲपलाही लागू होतो. चला, मुळापासून बघूया. शेवटी आपण लॅपटॉपमधल्या सिक्युरिटी चिपकडून स्वतः रँडम आकडे मागून घेऊ.

कॉम्प्युटरला डबा हलवता येत नाही

कॉम्प्युटर सांगितलेलं गणित करतो. तेच आकडे दिले, की उत्तरही तेच येतं. याचं एक मजेशीर उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ या आकड्याची गंमत शोधून काढली. समोरच्या गाडीची नंबर प्लेट बघा. एमएच ११ असो नाहीतर एमएच १०, शेवटचे चार आकडे घ्या. समजा ३५२४ आहेत. मोठ्याकडून लहानाकडे लावले तर ५४३२, उलटे लावले तर २३४५. वजाबाकी केली की ३०८७. पुन्हा तेच करा: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. परत एकदा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. चारही आकडे सारखे नसतील तर कुठल्याही गाडीच्या नंबरवरून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वरच पोहोचता.

मधले आकडे बघणाऱ्याला ते कसेही उड्या मारताहेत असं वाटतं. पण रस्ता आधीच ठरलेला असतो. प्रोग्रॅममधले साधे 'रँडम' आकडे असेच बनतात. त्यांचं गणित यापेक्षा पुष्कळ चांगलं असतं, पण सुरुवात एका आकड्यापासूनच होते. त्याला सीड म्हणतात. सीड कळलं, की पुढची सगळी यादी कळली.

अंदाज लागला तर काय होतं?

सोपं उदाहरण घ्या. चार आकडी पिनच्या १०,००० शक्यता असतात. पण पिन म्हणून वाढदिवसाची तारीख आणि महिना टाकला, तर शक्यता उरतात फक्त ३६६. गाडीचा नंबर टाकला असेल तर तो पार्किंगमध्ये सगळ्यांना दिसतोच. गावाचं नाव, मग ॲट, मग ११ किंवा १० असा पासवर्ड आपल्याला फार हुशारीचा वाटतो. चोराला तो पहिल्या काही प्रयत्नांतच सुचतो.

माणसंच चुकतात असं नाही, सॉफ्टवेअरही चुकतं. डेबियन ही लिनक्सची नावाजलेली आवृत्ती. २००६ मध्ये तिच्या ओपनएसएसएल या प्रोग्रॅममध्ये एक बदल झाला आणि रँडमपणाचा जवळजवळ सगळा कच्चा माल चुकून काढून टाकला गेला. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. त्याच्या शक्यता ३२,७६८. चाव्या दिसायला लांबलचक आणि भक्कम, पण मोजून तेवढ्याच. हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये, आणि जगभर असंख्य सर्व्हरच्या चाव्या बदलाव्या लागल्या.

फोनवालेही सुटले नाहीत. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या रँडम आकडे देणाऱ्या भागातला दोष समोर आला. त्यामुळे काही बिटकॉइन वॉलेटच्या गुप्त चाव्या काढता आल्या आणि लोकांचे पैसे गेले. कुलूप उत्तम होतं. किल्लीचे दात कुणालाही सांगता येत होते, एवढंच.

टीपीएम चिप काय करते?

मग खरा डबा आणायचा कुठून? उत्तर आहे, बाहेरच्या जगातून. कुठल्याही सर्किटमध्ये उष्णतेमुळे विजेची बारीक थरथर सतत चालू असते. घड्याळासारखे ठोके देणारं सर्किटही अगदी तंतोतंत ठोके देत नाही, किंचित मागेपुढे होतं. हा गोंधळ कुणी ठरवत नाही आणि कुणाला आधी सांगता येत नाही. सिक्युरिटी चिप हीच थरथर मोजते, तिच्यावर प्रक्रिया करून एकसारखेपणा काढून टाकते आणि स्वच्छ रँडम बाइट्स देते. एक बाइट म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक आकडा.

लॅपटॉपमध्ये या चिपला टीपीएम म्हणतात. कधी ती मदरबोर्डवर वेगळी बसवलेली असते, कधी प्रोसेसरच्या आतच असते. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं, त्यासाठी टीपीएम २.० लागतंच. त्यामुळे गेल्या काही वर्षांत घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती आहे. चाव्या बनवणं, त्या जपून ठेवणं आणि रँडम बाइट्स देणं ही तिची कामं.

चला, आकडे मागूया

यासाठी लिनक्स लागेल. उबुंटू लॅपटॉपवर नसेल तर पेनड्राइव्हवरून चालू केलेलंही चालतं. विंडोजच्या आतल्या डब्ल्यूएसएलमधून मात्र ही चिप सहसा दिसत नाही, तिथे डोकं फोडत बसू नका.

खालच्या कमांड आपण देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा, सगळी अक्षरं स्मॉल.

पायरी १: टर्मिनल उघडा आणि टूल इन्स्टॉल करा.

सुडो एपीटी इन्स्टॉल टीपीएम२-टूल्स

इथे टीपीएम, २, डॅश आणि टूल्स हे सगळं सलग आहे, मध्ये जागा नाही.

पायरी २: चिपकडून १६ बाइट्स मागा.

सुडो टीपीएम२_गेटरँडम --हेक्स १६

टीपीएम२ नंतर अंडरस्कोअर आहे. गेट आणि रँडम जोडून लिहा. हेक्सच्या आधी दोन डॅश. सुरुवातीला सुडो लावलं, कारण साध्या युजरला चिपशी थेट बोलायची परवानगी सहसा नसते.

एंटर दाबलं की ३२ चिन्हांची एक ओळ येईल, त्यात ० ते ९ आणि ए ते एफ यांची सरमिसळ असेल. ही हेक्स पद्धत आहे. यात एका बाइटला दोन चिन्हं, म्हणून १६ बाइट्सची ३२. कमांड पुन्हा चालवा, वेगळी ओळ येईल. १६ बाइट्सच्या एकूण शक्यता लिहायला ३९ आकडी संख्या लागते. आता वाढदिवसाच्या ३६६ आठवा!

एकदम हजार बाइट्स मागितले तर बहुधा एरर येईल. चिप एका वेळी थोडेच बाइट्स देते, बऱ्याच चिपमध्ये ही मर्यादा ३२ च्या आसपास असते. तिचा वेगही कमी असतो.

एक सावधगिरी: रँडम आकडे मागितल्याने चिपमध्ये काही बिघडत नाही. पण बायोसमध्ये किंवा विंडोजमध्ये 'क्लिअर टीपीएम' असा पर्याय दिसला तर उत्सुकतेपोटी तो दाबू नका. डिस्कवर बिटलॉकर चालू असेल तर तिची चावी या चिपमध्येच असते. रिकव्हरी की जवळ नसेल तर सगळे फोटो, सगळा अभ्यास कुलूपबंद होऊन बसेल.

फोनवर काय?

फोनमध्ये टीपीएम नसते, पण त्याच धर्तीची सोय असते. पिक्सेल फोनमध्ये टायटन नावाची वेगळी सिक्युरिटी चिप आहे, आयफोनमध्ये सिक्युअर एन्क्लेव्ह आहे. आपल्याला तिथून थेट बाइट्स मागता येत नाहीत, पण सिस्टमकडून मागता येतात. अँड्रॉइडवर टर्मक्स हे ॲप घ्या आणि त्यात लिहा:

पीकेजी इन्स्टॉल ओपनएसएसएल-टूल

मग लिहा:

ओपनएसएसएल रँड -बेस६४ १२

रँड म्हणजे रँडमची पहिली चार इंग्रजी अक्षरं. यातून १६ चिन्हांचा पासवर्ड तयार मिळतो. तो पाठ करायची गरज नाही, पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. खरं तर पासवर्ड मॅनेजरमधलं 'पासवर्ड तयार करा' हे बटण हेच काम करतं. आता ते बटण दाबल्यावर मागे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

मग सगळं चिपवरच सोपवायचं का?

नाही. २०१७ मध्ये इन्फिनिऑन कंपनीच्या अनेक टीपीएम आणि स्मार्ट कार्डांमध्ये बनलेल्या आरएसए चाव्या कमकुवत निघाल्या. दोष रँडम बाइट्समध्ये नव्हता, चावीसाठी मूळ संख्या निवडायच्या पद्धतीत होता. पण धडा मिळाला. बंद डब्यातली चिप आत काय करते हे बाहेरून दिसत नाही.

म्हणून लिनक्स एकाच ठिकाणावर विसंबत नाही. चिप, प्रोसेसर, कीबोर्डच्या आणि डिस्कच्या हालचालींच्या वेळा असं सगळं ते एकत्र कालवतं आणि त्यातून आकडे देतं. एखादा माल भेसळीचा निघाला तरी बाकीचे सांभाळून घेतात. त्यामुळे रोजच्या कामाला सिस्टमकडूनच आकडे घ्या. लॅपटॉपवरही ओपनएसएसएलची वरची कमांड चालते. टीपीएमची कमांड मूळ झरा कुठे आहे ते बघायला.

आता भिशीचं बोलू

१२ जणांतून एक निवडायचा आहे आणि हातात ० ते २५५ यांतला एक बाइट आहे. बाइटला १२ ने भागून बाकी बघितली तर काम होईल असं वाटतं. पण २५६ ला १२ ने पूर्ण भाग जात नाही, ४ उरतात. त्यामुळे बाकी ०, १, २ आणि ३ असलेल्या चौघांना २५६ पैकी २२ संधी मिळतात, उरलेल्या आठ जणांना २१. फरक लहान आहे, पण अन्याय तो अन्यायच. उपाय सोपा आहे: बाइट २५२ किंवा त्याहून मोठा आला तर तो टाकून द्या आणि नवा घ्या. २५२ म्हणजे १२ गुणिले २१, आता सगळे समान.

गणित झालं, पण त्या दुसऱ्याचा प्रश्न अजून तसाच आहे. मी घरी बसून ही कमांड दहा वेळा चालवली आणि माझं नाव आल्यावरच ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला तर? आकडा शंभर टक्के रँडम असेल, आणि फसवणूकही शंभर टक्के असेल. चिप हे पकडू शकत नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत होते, तेव्हा चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढतात, बऱ्याचदा लहान मुलाच्या हातून. ती पद्धत जुनाट नाही. तिथे आकडा गुप्त असण्याची गरज नसते, कुणी लबाडी केली नाही हे सगळ्यांना दिसण्याची गरज असते. पासवर्डचं नेमकं उलट आहे. तो कुणालाच दिसता कामा नये, म्हणून तिथे चिप हवी.

तेव्हा साधा नियम लक्षात ठेवा: गुपित बनवायचं असेल तर मशीनकडून घ्या, दहा जणांना पटवायचं असेल तर दहा जणांसमोर काढा. भिशी फोनवरच काढायची असेल तर कुणाचा कितवा नंबर ते आधी ग्रुपवर टाका, वेळ ठरवा आणि सगळे जमल्यावर कमांड चालवा. बाद बाइट आला तरच पुन्हा, नाहीतर एकदाच.

आणि हो, आज रात्री एक काम नक्की करा. ज्या पासवर्डमध्ये गावाचं नाव किंवा गाडीचा नंबर आहे, तो बदलून टाका.