साखळी-करवतीचें एंजिन कां बंद पडतें ?

विहिरीवरील डिझेल एंजिनाशीं आपल्या शेतकरीवर्गाचा परिचय जुना आहे. पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं स्थापन झाली. पुढें हीं एंजिनें गांवोगांव पसरलीं, तसें त्यांचें तेल बदलणें, नोझल साफ करणें, पट्टा चढविणें हीं कामें आमच्या वडिलांच्या पिढीनें फिटरशेजारीं बसून पाहून पाहून आत्मसात केलीं. आतां त्याच घरांत साखळी-करवत, गवत कापण्याचें यंत्र व पाठीवरील फवारणी-पंप यांचीं लहान पेट्रोल एंजिनें आलीं आहेत. ज्यानें मोठें सांभाळलें तो लहान सहज सांभाळील, असा समज होणें स्वाभाविक आहे. परंतु हाच समज या यंत्रांच्या मुळावर येतो, असें आम्हांस अनुभवानें कळलें.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागेनजीक किनाऱ्यावर आलें व नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आमच्या वाडींतून रस्त्याला लागण्याच्या वाटेवर आंब्याचें जुनें झाड पडलें होतें. करवत माळ्यावर होती. हिवाळ्यांत फांद्या छाटून झाल्यावर टाकींत उरलेलें पेट्रोल तसेंच ठेवलेलें. दोरी ओढून खांदा दुखला, पण एंजिन बोलेना. शेवटीं जुनें पेट्रोल ओतून टाकलें व मोटरसायकलींतील ताजें काढून घातलें. करवत सुरू झाली, तेव्हां सर्वांस धन्य वाटलें. पाव तासांत तिचा आवाज चढत गेला आणि ती अशी जाम झाली कीं, दोरी हलेना. पेट्रोलांत तेल मिसळावयाचें राहिलें होतें. झाड मग कुऱ्हाडीनें तोडावें लागलें, त्यांत दोन दिवस गेले. आणि सिलिंडर-पिस्टन नवें घ्यावें लागलें तें निराळेंच. तीस वर्षें डिझेल एंजिन हाताळल्याचा आम्हांस जो अभिमान होता, तो त्या दिवशीं उतरला.

डिझेल एंजिनाच्या पोटांत तेलाची वेगळी कुंडी असते. तींतून सर्व भागांस वंगण पोंचतें. साखळी-करवतीचें एंजिन टू-स्ट्रोक जातीचें असल्यानें त्यास अशी कुंडीच नसते. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण प्रथम पिस्टनच्या खालच्या कोठींतून जातें, व त्यांत मिसळलेलें तेल हेंच तेथील बेअरिंगांचें व पिस्टनचें एकमेव वंगण होय. उत्तम टू-टी तेल असल्यास एक लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर, व साध्या प्रतीचें असल्यास ४० मिलिलिटर, असें प्रमाण सामान्यतः सांगतात. तथापि यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत जें लिहिलें असेल तेंच प्रमाण मानावें. गवत कापण्याचीं कांहीं यंत्रें फोर-स्ट्रोकही असतात. त्यांस तेल भरण्याचें वेगळें झांकण असतें, व त्यांच्या पेट्रोलांत तेल घालूं नये. विकत घेतांनाच हें विचारून घ्यावें.

दुसरा शत्रु म्हणजे सांठविलेलें पेट्रोल. २०२२ सालीं देशांत पेट्रोलांत १० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गांठलें गेलें, व २०२५ पासून २० टक्के मिश्रणाचें पेट्रोल बहुतेक पंपांवर मिळूं लागलें. इथेनॉल आपल्याच उसापासून होतें, तेव्हां त्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु तें हवेंतील ओल शोषून घेतें. ओल फार झाली म्हणजे पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशीं बसतें, तेल मात्र वरच्या पेट्रोलांत राहतें. आणि एंजिनाची नळी तर तळाचेंच ओढते! शिवाय कार्बोरेटरमधील पातळ पडदा व रबरी नळ्या यांनाही असें पेट्रोल हळूहळू कडक करतें. म्हणून मिसळलेलें पेट्रोल महिन्याच्या आंत संपवावें. करवत ठेवावयाची असेल तेव्हां टाकी रिकामी करून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें.

आतां बंद पडलेल्या एंजिनाची परीक्षा. घाईनें कार्बोरेटर उघडूं नये. प्रथम बंद करण्याचें बटण चालू बाजूस आहे कीं नाहीं तें पाहावें, (हंसूं नये, आमच्याकडे दुरुस्तीस आलेल्यांपैकीं कित्येक यंत्रें एवढ्यावरच बरीं झालीं.) मग प्लग काढावा. तो ओला असेल तर पेट्रोल पोंचतें आहे. उणीव ठिणगीची, किंवा चोक ओढून ओढून पेट्रोल फार झालें. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाहीं. ओला प्लग पुसून, सांडलेलें पेट्रोल वाळूं देऊन, त्याचें धातूचें अंग सिलिंडरच्या धातूस प्लगच्या भोंकापासून दूर टेकवावें व दोरी ओढावी. निळी, ठळक ठिणगी दिसली पाहिजे. प्लगच्या टोकांतील अंतर साधारण अर्धा मिलिमीटर असावें. त्याचा रंग फिकट विटकरी असल्यास सर्व ठीक. काळा व तेलकट असल्यास तेल जास्त किंवा हवेची जाळी चोंदलेली. पांढुरका असल्यास एंजिन तापतें आहे, तें तेव्हांच थांबवावें.

पेट्रोल येत नसेल तर टाकीचें झांकण सैल करून पाहावें. तेवढ्यानें एंजिन चालूं लागल्यास टाकींत हवा जाण्याचें छिद्र बुजलें आहे असें समजावें. नाहीं तर वांकविलेल्या तारेनें टाकींतील फिल्टर बाहेर ओढून बदलावा. हें सर्व निर्दोष आढळलें, तरच कार्बोरेटरचा पडदा पाहावा. तो कागदासारखा कडकडत असेल तर नवा घालावा, जुन्यास तेल चोपडून कांहीं होत नाहीं.

एक परीक्षा बहुतेकांस ठाऊक नसते. एंजिन थंड असतां, बटण बंद ठेवून, करवत दोरीच्या मुठीनें अधांतरीं उचलावी. ती थांबत थांबत, झटके देत खालीं उतरली तर आंतील दाब चांगला आहे. सरळ सरकन् उतरली तर पिस्टनची कडी किंवा सिलिंडर गेलें. मग सायलेन्सरचे स्क्रू काढून त्या वाटेनें पिस्टन पाहावा. त्यावर उभे ओरखडे दिसले तर पुढील काम जाणत्या मेकॅनिककडे द्यावें. आमच्या पिस्टनवर ते बोटास लागतील इतके खोल होते.

साखळीस धार नसली कीं माणूस एंजिनास दोष देतो व जोर लावतो. त्यानें एंजिन तापतें. भुशाऐवजीं पीठ पडूं लागलें कीं धार गेली असें जाणावें. दांत्याच्या मापाची गोल कानस घेऊन एकाच दिशेनें, आंतून बाहेर, प्रत्येक दांत्यास सारखेच हात द्यावे. तत्पूर्वीं प्लगची टोपी काढून ठेवावी व हातमोजे घालावे.

पेट्रोलाच्या डब्यावर मिश्रणाची तारीख व तेलाचें प्रमाण आम्ही खडूनें लिहितों. दप्तरांत आयुष्य गेलेल्यास ही संवय सोपी. पण पावसाच्या ओलीनें खडू पुसतो, म्हणून गेल्या वर्षापासून तारेनें पत्र्याची चकती अडकविली आहे.