कवडीचा दुसरा रविवार

पहाटे ४.४५

जानेवारीत पुण्यात सूर्य उगवतो सात वाजून गेल्यावर. पहिला उजेड पडताना नदीवर असायचं तर घरातून सव्वापाचला निघावं लागतं, म्हणून पावणेपाचला उठते. चहा उकळेपर्यंत गटावर आलेले निरोप वाचून होतात. मुलाला रात्रीपासून ताप आहे, आम्ही दोघं येत नाही. ताई, नाशिकहून मावसबहीण आणि तिचे मिस्टर आलेत, त्यांना आणलं तर चालेल? दोन जागा रिकाम्या झाल्या, त्या भरल्या. वीसच्या वर मी नावं घेत नाही. त्याहून जास्त माणसं झाली की मागच्याला पुढचं बोलणं ऐकू येत नाही, मग तो शेजारच्याशी गप्पा सुरू करतो आणि बदकं उठून पलीकडच्या काठाला जातात. मागणी जास्त असेल तर दोन तुकड्या करता येतात. पण दुसऱ्या तुकडीला घेऊन जाणारं माणूस लागतं, आणि असं माणूस मिळवणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे.

पिशवी रात्रीच भरलेली असते. जास्तीच्या दोन दुर्बिणी, सालिम अलींच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ची पानं सुटलेली प्रत, वही, पेन्सिल, पट्ट्या, मलम, इलेक्ट्रॉलची पाकिटं. पेन्सिल अशासाठी, की दवाने ओलं झालेल्या पानावर पेन उमटत नाही.

पहाटे ५.४५

हडपसरचं गाडीतळ. इथे सगळे जमतात आणि गाड्या वाटून घेतात. पाच माणसांसाठी पाच गाड्या नदीवर न्यायच्या नाहीत, हा नियम पहिल्यापासून आहे. पेट्रोलचे पैसे ज्या त्या गाडीतले लोक आपसात वाटून घेतात. फेरीला शुल्क नाही. ते ठेवलं, की लोक पैशाच्या बदल्यात पक्षी मागू लागतात.

आज आलेल्यांत दोन शाळकरी मुलं आहेत, पोस्टातून निवृत्त झालेले काका आहेत, मांजरीची एक परिचारिका रात्रपाळी संपवून थेट आली आहे. तिला गाडीत झोपायला मागची सीट दिली. एका नव्या गृहस्थांनी पांढराशुभ्र सदरा घातलाय, त्यांना माझ्याकडचं जास्तीचं मळकट जॅकेट दिलं. त्यांनी हसत घातलं.

वाटेत पेट्रोल पंपावर दहा मिनिटं थांबतो. नदीकाठी स्वच्छतागृह नाही. हे आधी सांगितलं नाही तर बायका पाणी न पिता तीन तास काढतात किंवा पुन्हा येतच नाहीत. पक्षीनिरीक्षणाच्या कुठल्याही पुस्तकात ही गोष्ट मी वाचलेली नाही. पण फेरीला बायका येतात की नाही, हे पुष्कळदा या दहा मिनिटांवर ठरतं.

सकाळी ६.४०

सोलापूर रस्त्यावर टोलनाक्याजवळ डावीकडे वळलं की कवडीपाट. समोर मुळा-मुठा, तिच्यावर जुना बंधारा. पाण्यावर वाफ आहे आणि वासही आहे. नवीन माणसाचा हात आधी नाकाकडे जातो. सगळ्या पुण्याचं सांडपाणी इथून खाली जातं, ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्याच पाच मिनिटांत मी हे बोलून घेते: इथे पक्षी खूप दिसतील, पण त्यावरून नदी बरी आहे असं समजू नका. उथळ पाणी, चिखल आणि घाणीत वाढणाऱ्या अळ्या यांच्यावर काही जातींचं छान चालतं. शेकाट्या त्यातलाच. ज्यांना स्वच्छ पाणी लागतं त्यांची जागा मात्र जाते, आणि जे आलेच नाहीत ते आपल्याला दिसत नाहीत.

उजेड पुरेसा होईपर्यंत दुर्बिणीचा धडा. ८ बाय ४२ म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. उजवा डोळा मिटा, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला समोरची फांदी स्पष्ट करा. आता डावा मिटा आणि उजव्या नळीवरचं कडं फिरवा. चष्मा असेल तर डोळ्याजवळची रबरं खाली दुमडा. नंतर एकच सवय लावायची: पक्ष्यावरची नजर काढायची नाही, दुर्बीण डोळ्यांशी आणायची. बहुतेक लोक आधी दुर्बीण लावतात आणि मग तिच्यातून पक्षी शोधत आभाळभर फिरतात. धाकट्या मुलाला हे तिसऱ्या खेपेला जमलं. त्याच्या दुर्बिणीत पहिला आला तो तारेवरचा कोतवाल. तो ओरडला नाही, पण त्याचा श्वास मला ऐकू आला.

सकाळी ७.१०

चालायला सुरुवात. पुढे मी, मागे काका. कोणी मागे राहत नाही ना आणि काकांच्या पुढे सगळे आहेत ना, एवढं त्यांनी बघायचं. आम्ही नदीच्या दक्षिण काठावर असल्याने हिवाळ्यातला सूर्य पाठीमागे उजवीकडे येतो आणि पाण्यावरचे रंग खरे दिसतात. समोरच्या काठावरून बघितलं असतं तर सगळी बदकं काळी दिसली असती.

पहिला थांबा बंधाऱ्याजवळ. इथे मी कोणालाही पक्ष्याचं नाव सांगत नाही. विचारते, चोच कशी आहे? पाय? शेपटी हलवतोय का? दगडावर तुरुतुरु चालणारा, सारखी शेपटी वरखाली करणारा, हे वर्णन त्यांच्याकडून आलं की मग धोबी. मग पुढचा प्रश्न: कपाळ पांढरं की काळं? काळ्या डोक्यावर ठसठशीत पांढरी भुवई असलेला मोठा धोबी इथलाच, बारमाही. पांढऱ्या कपाळाचा थंडीपुरता पाहुणा, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो आणि उन्हं तापली की उत्तरेकडे जातो. दोघे एकाच दगडावर होते. नाशिकच्या पाहुण्या म्हणाल्या, “हे आमच्या गोदावरीवर रोज दिसतात, मी दोन्ही एकच समजत होते.” त्या आता गोदाकाठी एकट्याही उभ्या राहू शकतील. फेरीचं काम त्या वाक्यापाशी झालेलं असतं, पुढचं सगळं वर.

पुढच्या वळणावर चक्रवाक. जोडीजोडीने बसलेली नारिंगी बदकं, आधी आवाज आला आणि मग दिसली. लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवर वीण करणारे हे पक्षी थंडीत या फेसाळ नदीत येऊन राहतात, हे सांगितल्यावर दरवेळी काही क्षण कोणी बोलत नाही. त्यांच्या बाजूला हळदीकुंकू बदकं, ती इथलीच. पलीकडे राखी बगळा, काळे शराटी, चिखलात उभे चित्रबलाक.

मोजणी इथे शिकवते. थव्यातली दहा बदकं मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरा, आणि तशी किती जागा आहे ते बघा. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. मोजणी अर्ध्यावर असताना भोवत्या आला. वेताच्या वर अगदी खालून, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून तरंगत. सगळा थवा एकदम उठला. आकडा गेला, पण उडताना चक्रवाकाच्या पंखांवरचा पांढरा पट्टा सगळ्यांना दिसला, बसलेल्या पक्ष्यात तो एवढा कधी दिसत नाही. थवा खाली बसल्यावर पुन्हा मोजलं.

एक तरुण मोठा कॅमेरा घेऊन हळूहळू उतारावरून पाण्याकडे निघाला. अशा वेळी मी हाका मारत नाही, जवळ जाते. चरणारा पक्षी चरायचा थांबला आणि मान ताठ करून तुमच्याकडे बघू लागला, की तिथे थांबायचं. त्याच्यापुढचं प्रत्येक पाऊल तो उपाशी राहून मोजतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या आणि मार्च-एप्रिलात तेवढंच परत जायचं असलेल्या जीवाला एकेका उड्डाणाची किंमत असते. तरुण थांबला. थोड्या वेळाने शेकाट्या आपणहून त्याच्या बाजूला चरत आला आणि त्याला हवं ते चित्र मिळालं. फोनवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला झुडपाबाहेर काढायचीही आमच्याकडे बंदी आहे. प्रतिस्पर्धी घुसला असं समजून तो पक्षी जिवाच्या आकांताने शोधत बसतो, आणि आपल्याला मिळतं काय, तर एक फोटो. मार्चनंतर टिटवीची अंडी उघड्यावर दगडगोट्यांत असतात, तेव्हा आम्ही काठ सोडून रस्त्यानेच चालतो.

शेताच्या बांधावरून जाताना ज्यांचं शेत आहे त्या मामांना रामराम करायचा आणि मेथीच्या वाफ्यात पाय ठेवायचा नाही. मामा स्वतः चांगले निरीक्षक आहेत. “काळ्या पंखाचे चार मोठे आलेत गुरुवारपासून, मान पांढरी लोकरीगत,” त्यांनी सांगितलं. पांढऱ्या मानेचे करकोचे. चारही होते, त्यांनी बोट दाखवलं तिथेच.

सकाळी ९.३०

बाभळीखाली डबे. धपाटे, उपमा, कोणाचे तरी तिळाचे लाडू. खाऊन झालं की यादीचं वाचन. मी वहीतलं एकेक नाव वाचते आणि ज्याने बघितला असेल त्याने आकडा सांगायचा. साळुंकी, कावळा, पारवा, चिमणी, घार, हेही त्याच क्रमाने. नवा माणूस हमखास विचारतो, कावळेसुद्धा लिहायचे?

लिहायचे. मला या फेऱ्यांबद्दल मनापासून काही सांगायचं असेल तर ते एवढंच आहे. दुर्मीळ पक्षी दिसला की माणसं धावत येतात आणि त्याची नोंद कोणी ना कोणी करतंच. कावळ्याची, भिंगरीची, वेड्या राघूची नोंद करायला मात्र कोणी येत नाही, आणि ते कमी होऊ लागले तर कमी झाल्याचं कळायला कालची नोंद जवळ असत नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३चा अहवाल ९४२ जातींबद्दल आहे आणि तो उभा आहे तीस हजारांहून जास्त हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर. तरीही दीर्घकाळचा कल सांगता यावा एवढी माहिती निघाली ती फक्त ३३८ जातींची. त्यांतल्या साधारण ६० टक्के जाती घटल्या आहेत. बाकीच्या जातींबद्दल बोलायला जुन्या नोंदी पुरल्या नाहीत. आमच्या वहीतलं कावळ्याचं पान पुढच्या कोणासाठी तरी तसं जुनं होत आहे.

म्हणूनच ठिकाण बदलायचं नाही आणि वार चुकवायचा नाही. भिगवणला रोहित बघायला जाऊ, असं कोणीतरी दर हिवाळ्यात सुचवतं. ती सहल वेगळी निघते आणि निघावी. दुसरा रविवार मात्र कवडीचाच. ऑगस्टमध्ये नदी गढूळ, फुगलेली असते, पाहुणे नसतात, छत्र्या घेऊन तिघं-चौघं येतात आणि यादी एका पानात संपते. त्या पानाशिवाय आजच्या लांबलचक यादीला अर्थ येत नाही. चक्रवाक जुलैत इथे नव्हते, हे कोणीतरी जुलैत येऊन बघितलेलं असावं लागतं.

दुपारी १२

घरी. अंघोळ, जेवण, झोप. चिखलाचे बूट गॅलरीत.

दुपारी ४.००

यादी ई-बर्डवर चढवायची. निघाल्याची वेळ, किती वेळ चाललो, किती किलोमीटर, किती माणसं. त्यानंतर तो महत्त्वाचा प्रश्न: ओळखलेले सगळे पक्षी लिहिलेत का? याला होय म्हणता आलं तरच न लिहिलेल्या पक्ष्याचाही काही अर्थ लागतो. सगळ्यांची मिळून एकच यादी आणि ती मग बाकीच्यांच्या खात्यावर वाटायची. वीस जणांनी वीस याद्या चढवल्या तर चार करकोच्यांचे ऐंशी होतील.

गटावर फोटो येऊ लागतात. एक अंधूक तुतवार आहे, पाठमोरा. दोघांची दोन मतं आहेत. शेपटीकडचा पांढरा भाग फोटोत दिसत नाही, पाय पाण्यात आहेत. मी त्याला नुसतं तुतवार लिहिते, जात लिहीत नाही. हा निर्णय का घेतला तेही गटावर सांगते, कारण नव्या माणसाला नावापेक्षा हा थांबा जास्त उपयोगी पडतो. धाकट्या मुलाच्या आईने त्याने काढलेलं चित्र पाठवलं आहे: तार, तिच्यावर कोतवाल, शेपटी नीट दुभंगलेली.

सायंकाळी ७.००

फेब्रुवारीच्या मध्याला ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो, चार दिवसांचा. भारतातले लोक २०१३ पासून त्यात भाग घेतात. त्यासाठी नदीवर यायची गरज नाही. आपल्या गच्चीत, सोसायटीच्या आवारात, शाळेच्या मैदानात पंधरा मिनिटं उभं राहायचं, दिसतील ते सगळे मोजायचे. त्याचा निरोप तयार केला. परिचारिकेने लगेच लिहिलं की रुग्णालयाच्या आवारातल्या वडावर तांबट आणि हरियल असतात, ती रात्रपाळीनंतर पंधरा मिनिटं तिथेच थांबेल. राज्यपक्षी वॉर्डाच्या खिडकीतून दिसतो, हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

रात्री ८.३०

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीचा फोन. पावसाळ्यातल्या त्या तिघं-चौघांत ती नेहमी असते. मीच तिला विचारलं होतं, पुढच्या वेळी दुसरी तुकडी नेशील का? दिवसभर विचार करून ती हो म्हणते आहे, पण तिची अट आहे: धोब्यांमध्ये अजून चुकते, तर काकांनी तिच्या तुकडीत असावं. काकांना मी आधीच विचारून ठेवलं आहे.

मग वाटणीचं बोलणं झालं. दोन्ही तुकड्या एकाच वेळी निघणार, तर तेच पक्षी दोनदा मोजले जायची भीती. बंधाऱ्याच्या वरचा भाग तिचा, खालचा माझा. दोन याद्या, दोन वेगळ्या नोंदी. बंधाऱ्यावर बसलेले कोणाचे, असं तिने विचारलं. ते तिचे. आणि भोवत्या आला, थवा उठून खाली गेला तर? उठायच्या आधी मोजून झाला असेल तर तिचा, नसेल तर माझा, आणि ते लगेच फोन करून एकमेकींना सांगायचं. बाभळीखाली साडेनऊला भेटू.