पायावरच्या फुगलेल्या शिरा : घरी काय करावे, काय टाळावे

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मी दवाखाना उघडत असतानाच एका गृहस्थांना रिक्षातून आणण्यात आले. हे गृहस्थ केशकर्तनालय चालवतात. तीस वर्षे खुर्चीभोवती उभे राहून काम. आंघोळ करताना घोट्याजवळची फुगलेली शीर फुटली आणि न्हाणीघरात रक्ताची चिळकांडी उडाली. घरच्यांनी घाबरून मांडीला सुतळी बांधली व त्यांना तसेच बसवून आणले. रक्त थांबण्याऐवजी वाढले होते. मी सुतळी सोडली, त्यांना टेबलावर आडवे केले, पाय उंच धरला आणि स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दाबून ठेवली. दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबले. "शिरा वीस वर्षांपासून आहेत डॉक्टर, पण दुखत नव्हत्या म्हणून लक्ष दिले नाही," असे ते म्हणाले. या दुर्लक्षाविषयीच आज लिहावयाचे आहे.

शिरा का फुगतात?

हृदयाकडून पायाकडे जाणारे रक्त रोहिणीतून येते व नीलांतून परत वर जाते. खाली येणे सोपे, वर चढणे अवघड. हे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलले जाते. ते पुन्हा खाली उतरू नये म्हणून नीलांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात. विहिरीवरील पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळू लागला की पाइपातले पाणी परत विहिरीत उतरते, हे शेतकरी बांधवांना सांगायला नको. नीलांच्या झडपा निकामी झाल्या की नेमके तेच होते. रक्त खाली साचते, शिरा ताणल्या जातात आणि त्वचेखाली निळसर, वेड्यावाकड्या दिसू लागतात. यालाच 'व्हेरिकोज व्हेन्स' म्हणतात.

आई-वडिलांना हा त्रास असल्यास मुलांना होण्याची शक्यता अधिक. वाढते वय, लठ्ठपणा, बाळंतपणे आणि तासन् तास उभे राहण्याचे काम यांनी भर पडते. शिक्षक, वाहतूक पोलीस, यंत्रमाग कामगार, हॉटेलातील आचारी यांच्यात हा विकार बराच आढळतो. ओट्यापाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या गृहिणींनाही तो होतो, पण त्या सहसा सांगत नाहीत. गरोदरपणात फुगलेल्या शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळशा ओसरतात.

सुरुवातीला संध्याकाळी पाय जड होतात, घोट्यावर सूज येते, रात्री पोटरीत गोळे येतात. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी खाजते व काळवंडते. याच जागी एके दिवशी लहानशी जखम होते आणि ती महिनोन् महिने भरत नाही.

घरी काय करावे?

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. बिघडलेली झडप कोणत्याही घरगुती उपायाने दुरुस्त होत नाही. परंतु साचलेले रक्त वर जाण्यास आपण मदत करू शकतो आणि त्याने त्रास खूपच कमी होतो.

१) रोज अर्धा तास चालावे. कामामुळे उभे राहावेच लागत असेल, तर मधूनमधून टाचा उचलून चवड्यांवर उभे राहावे व पुन्हा टेकावे, असे पंधरा-वीस वेळा करावे. पोटरीचा पंप चालू राहतो.

२) दिवसातून तीन-चार वेळा पंधरा मिनिटे आडवे होऊन पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवावेत. रात्री खाटेच्या पायथ्याकडील पायांखाली एकेक वीट ठेवावी. मात्र हृदयविकारामुळे आडवे झाल्यावर धाप लागत असेल त्यांनी हे करू नये.

३) घट्ट लवचिक मोजे उपयोगी आहेत. ते सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच चढवावेत आणि रात्री झोपताना काढावेत. मधुमेही, विडी-सिगारेट ओढणारे आणि चालताना पोटऱ्या भरून येणारे यांनी पायातील रोहिणीची तपासणी करून घेतल्याशिवाय ते वापरू नयेत. रोहिणी अरुंद असेल तर घट्ट मोज्याने पायाला इजा होते.

४) वजन आटोक्यात ठेवावे. भाकरी, पालेभाज्या, फळे व भरपूर पाणी घ्यावे म्हणजे शौचास कुंथावे लागत नाही.

५) कोरड्या कातडीला रोज हलक्या हाताने खोबरेल लावावे. खाजवू नये.

काय टाळावे?

फुगलेली शीर जोराने रगडू नये. गरम पाण्याचा शेक देऊ नये, उष्णतेने शिरा आणखी फुगतात. जखमेवर चुना, तंबाखू, झाडपाला किंवा राख लावू नये. कोणाकडूनही जळवा लावून घेऊ नयेत. व्हिनेगर वा लसूण लावून शिरा जिरल्याचे मी तीस वर्षांच्या व्यवसायात पाहिलेले नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

कातडी काळवंडली, जखम झाली, किंवा शीर दोरीसारखी कडक होऊन लाल व दुखरी झाली तर थांबू नये. एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखू लागली तर आतल्या मोठ्या नीलेत रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सोबत छातीत दुखले किंवा दम लागला तर तडक मोठ्या रुग्णालयात जावे.

शीर फुटल्यास घाबरू नये. रुग्णास ताबडतोब आडवे करा, पाय उंच धरा आणि स्वच्छ कापडाने जखमेवरच दाबा. वर दोरी बांधू नका. तिने रक्ताची वर जाण्याची वाट अडते आणि ते जखमेतूनच बाहेर येत राहते. रक्त थांबल्यावर पट्टी बांधून डॉक्टरांना दाखवावे.

आता रंगीत डॉप्लर सोनोग्राफीने कोणती झडप बिघडली आहे ते कळते. लेसर किंवा रेडिओ लहरींच्या साहाय्याने शीर आतून बंद करता येते व बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. बिघडलेली शीर बंद केल्याने नुकसान होत नाही, रक्त इतर चांगल्या नीलांतून वर जाते.

आमच्या त्या गृहस्थांनी पुढच्याच सोमवारी, दुकान बंद असते त्या दिवशी, जिल्ह्याच्या गावी जाऊन तपासणी केली व नंतर लेसर करून घेतले. आता ते मोजे घालतात, दुकानात उंच स्टूल ठेवले आहे आणि दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये टाचा उचलतात. वीस वर्षांपूर्वी एवढेच केले असते, तर त्या सकाळचा प्रसंग बहुधा टळला असता. आज संध्याकाळी आपणही घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय एकदा उजेडात पाहावेत.