मेथीचे मोड आणि जर्मनीतला मे महिना

रात्री भिजवलेली मटकी सकाळी उपसायची, ओल्या फडक्यात घट्ट बांधायची, आणि दुसऱ्या दिवशी गाठ सोडली की पांढरे टरारलेले मोड. हा सोहळा इतका घरचा, की त्या गाठोड्यात आणखी काही वाढत असेल अशी शंकाही येत नाही. पण मोडांना जी ऊब आणि ओल लागते, तीच जिवाणूंनाही मानवते. बियांवर साल्मोनेला किंवा ई. कोलाय अगदी नगण्य असले, तरी दोन-तीन दिवसांत ते दर ग्रॅममागे लाखांच्या घरात जाऊ शकतात.

माझा भाचा व्यायामशाळेतून आला की वाडगाभर कच्चे मोड खातो. ‘घरचे आहेत, स्वच्छ आहेत,’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याला मी 2011 सालची गोष्ट सांगितली.

त्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत माणसं रक्ताच्या जुलाबांनी आजारी पडू लागली. अनेकांची मूत्रपिंडं बंद पडली. संशय आधी स्पेनच्या काकड्यांवर गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांचा माल पडून राहिला. रुग्णांना विचारावं तर मोड कुणाच्या ध्यानातच नव्हते. सॅलडवर भुरभुरलेलं चिमूटभर काय आठवणार? शेवटी तपासनिसांनी गिऱ्हाइकांची आठवण बाजूला ठेवली आणि उपाहारगृहाच्या आचाऱ्याला विचारलं, कुठल्या पदार्थात काय घातलं होतंस? मग धागा सापडला. मोड आले होते बीनेनब्यूटेल गावाजवळच्या एका शेतातून, आणि मूळ संशयित ठरल्या इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बिया. 3,800हून अधिक लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. ते शेत सेंद्रिय होतं. म्हणजे ‘सेंद्रिय आहे, मग काळजी नाही’ हा समजही तिथेच निकालात निघाला.

राहिला ‘घरचे’चा मुद्दा. त्याच जूनमध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळ एका कार्यक्रमात माणसं त्याच ई. कोलाय जिवाणूने आजारी पडली. तिथले मोड आयोजकांनी विकतच्या बियांपासून स्वतःच काढले होते. दोष बियांतूनच आला, तर आपले हात कितीही स्वच्छ असोत, उपयोग काय?

‘चांगले धुऊन घेतो’ हेही पुरत नाही. जिवाणू सालीच्या बारीक भेगांत दडतात, तिथे पाणी पोचत नाही. अमेरिकेत मोड पिकवणारे बिया कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या कडक द्रावणात बुडवतात, तरीही सगळे जिवाणू मरतीलच याची हमी नसते. मग मीठ-लिंबाच्या पाण्याची काय कथा! वासावरही विसंबू नये. बुळबुळीत, आंबूस मोड आपण टाकतो ते बरोबरच, पण ती करणी बहुधा दुसऱ्याच जिवाणूंची. रोग देणारे वास न देताही असू शकतात. फ्रिजमध्ये त्यांची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. लिस्टेरिया तर थंडीतही वाढतो.

उलट टोकाची भीतीही नको. ताज्या मोडांवर जिवाणू कोट्यवधींनी असतात, ते बहुतेक वनस्पतींवरच राहणारे आणि निरुपद्रवी.

मेथीचे तेच मोड आपल्याकडे फोडणीला पडतात. मटकी शिजते, वालाचं बिरडं शिजतं. नीट वाफ बसली की साल्मोनेला आणि ई. कोलाय टिकत नाहीत. कच्चं खाण्याची टूम नंतरची. गरोदर बाई, तान्हं मूल, थकलेले आजोबा यांच्या ताटात तरी कच्चे मोड वाढू नयेत. एक मात्र लक्षात ठेवायचं: बॅसिलस सेरेयसचे बीजाणू शिजवूनही उरतात, आणि उसळ दिवसभर ओट्यावर राहिली तर पुन्हा जागे होतात. तेव्हा गरम खावी, उरलेली लगेच फ्रिजमध्ये ठेवावी.

भाच्याला आता मोड वाफवून देते. तो कुरकुरतो, ‘मावशी, जीवनसत्त्वं जातात.’ क जीवनसत्त्व थोडं जातं खरं. वरून लिंबू पिळून घे म्हटलं.